सिनेमा निघाला घरातून

रविवारी संध्याकाळी चाळीत एकाच घरी दाटीवाटीनं बसून आम्ही दूरदर्शनवरचा सिनेमा पाहायचो. सिनेमा घरात आला, असं मोठी माणसं कौतुकानं म्हणत. वास्तविक दादासाहेब फाळक्यांचा सिनेमा निघालाच घरातून. १९१२मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित करून भांडवल मिळवलं. दागिने गहाण पडले ते सरस्वतीबाईंचे. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोकं पाडायची त्यांनीच, रसायनंही त्यांनीच कालवायची. आपण जनक तेवढा लक्षात ठेवला! ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास घरचाच, मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. ती केली साळुंके या हॉटेलातल्या आचाऱ्यानं. मंडळींचा स्वयंपाक मात्र सरस्वतीबाईंकडेच राहिला.