तबकडी आणि तिची नोंद

इ. स. १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. गाणे संपताच त्यांनी आपले नाव स्वतःच उच्चारले; कारण तबकड्या छापल्या जावयाच्या त्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. तेथील कारागिरांस गायिकेची ओळख पटावी कशी?

ऐंशी वर्षांनी, १९८२ मध्ये, काँपॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात स्वर होते, नावे नव्हती. पुढल्या दशकात ‘सीडीडीबी’ ही सूची निघाली. गीतांच्या कालावधीवरून संगणक तबकडी ओळखी. नावे मात्र असंख्य रसिकांनी घरबसल्या टंकून पुरविली होती. ती सूची व्यापारी मालकीची झाली, तेव्हा अनेकांस ते रुचले नाही, आणि ‘म्युझिकब्रेन्झ’सारखी खुली सूची उभी राहिली.

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची रीत एडगर कॉड यांनी १९७० मध्येच सांगितली होती: गायक एका कोष्टकात, राग दुसऱ्यात, तबकडी तिसऱ्यात. घरच्या गाण्यांची व चित्रफितींची सूची करणाऱ्यास ती आजही उपयोगी पडते. परंतु सारंगियासाठी रकानाच आखला नाही, तर तो कोणत्याही शोधात सापडावयाचा नाही. गौहरजान यांनी आपले नाव स्वतः सांगितले. साथीदाराचे नाव सांगणे हे सूचिकाराचेच कर्तव्य होय.