पावसाळा, पागा आणि चिपळूणचे पत्र

मराठ्यांच्या घोडदळाचा इतिहास बहुधा दसऱ्यापासून सांगितला जातो. सीमोल्लंघन, मुलूखगिरी, वेगवान दौडी. परंतु वर्षातील उरलेले चार महिने हीच घोडी कोठे असत, काय खात असत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस लिहिलेल्या बखरीत याचे उत्तर आहे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीस येई. तत्पूर्वी दाणा, वैरण, औषधे यांचा साठा होई आणि माणसांसाठी घरे व घोड्यांसाठी पागा गवताने शाकारून तयार ठेवल्या जात. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. अर्थात बारगिराचे घोडे मेले तर नुकसान थेट राज्याचे.

ही व्यवस्था कागदावर नीट दिसते. ती कोलमडू लागली की काय होते, हे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागातील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेल्या पत्रावरून कळते.

लष्कराचा मुक्काम चिपळुणास पडला होता. दाभोळ सुभ्यात पागेच्या पावसाळ्यासाठी राखलेली सामग्री त्या मुक्कामात बरीचशी खर्चून गेली. पावसाळा तोंडावर आलेला. अखेर गडोगडीचा गल्ला देववून पागेची कशीबशी बेगमी केली गेली.

महाराजांचा हिशेब साधा आणि कठोर आहे. आज हवा तितका दाणा नि गवत उधळाल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. म्हणून कारकून रोज जे मोजून देतील तेवढेच घ्यावे, म्हणजे साठा पावसाळाभर पुरेल आणि घोडी हळूहळू तवानी होतील. मोहिमेवरून खंगून आलेल्या जनावराला पुन्हा अंग धरण्यास हाच काळ मिळत असे.

पण पत्राचा खरा रोख घोड्यांच्या पलीकडे आहे. पागेतले गवत संपले की शिपाई कुणब्याच्या दारात जाणार, हे महाराज ओळखून होते. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग जीव मुठीत धरून घरी राहिलेले कुणबीही गाव सोडतील आणि मोगलांहून तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल. पगार खजिन्यातून दिलेला आहे, तेव्हा जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, अशी स्पष्ट आज्ञा आहे. रयतेविषयीचा कळवळा म्हणून हा मजकूर नेहमी सांगितला जातो आणि ते रास्तच आहे. मात्र तो कळवळा गवताच्या हिशेबातून वेगळा काढता येत नाही.

यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. छावणीत सगळीकडे वाळलेले गवत, छपरेही गवताचीच. कोणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक गंजी पेटली की सारे गवत जाईल, घोडी वैरणीवाचून मरतील. मग कोणाच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी पावसात खोप उभारायला एक लाकूडही मिळणार नाही, असे महाराजांनी बजावले आहे.