कोयनेच्या रानाचा हिशेब

कोयनेचे नाव निघाले की आपणा शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे धरण उभे राहते. धरणामागच्या रानाचा आणि तिथल्या माणसांचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो आज सांगणे अगत्याचे आहे, कारण त्या रानाभोवती आता पर्यटनाचा मोठा बेत शिजत आहे.

१९६२ च्या सुमारास शिवसागर भरू लागला आणि खोऱ्यातील गावे उठली. कोणी सोलापुराकडे गेले, कोणी कुलाबा-ठाण्याकडे. नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे वळले, त्यावर वीज निघाली, विजेवर कारखाने चालले आणि त्या कारखान्यांत आम्हां कामगारांस भाकरी मिळाली. तेव्हा या देण्याच्या वहीत आमचेही नाव आहे.

पाणी भरू लागले तशी जमीन हादरू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा धक्का बसला. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली, कोयनानगरची घरे कोसळली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले. जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगात हाच सर्वांत मोठा मानतात.

उठलेल्या गावठाणांवर हळूहळू रान चढले. १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान. रान राखलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण मागे राहिलेल्यांच्या चराईवर, सरपणावर, हिरड्यावर बंधने आली, आणि त्याच्या बदल्यात काय, हे कोणी धड सांगितले नाही. पुढे जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला.

एवढे झाल्यावर २०२४ मध्ये याच टापूतील २३५ गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’चा आराखडा पुढे आला. गिरिस्थान म्हटले की रस्ते रुंद होणार, हॉटेले उठणार. उताराचा पायथा कापला की वरची ओली माती सुटते, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? घाटात काम केलेला कोणताही मजूर सांगेल.

पर्यटन नकोच, असे आम्ही म्हणत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशाचे पैसे आसपासच्या गावांची समिती गोळा करते. राखण, साफसफाई, वाट दाखवणे ही कामे गावकरीच करतात. भांडणे तिथेही होतात. पैसा आला की ती होणारच, आमच्या संघटनांतही होतात. पण भांडण गावातल्या गावात राहते आणि हिशेब मागता येतो. तो हंगाम मात्र जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. कोयनेच्या पाण्यावर त्याहून लांब हंगाम चालतो. बामणोलीहून वासोट्याला जाणारा प्रवासी वनखात्याची परवानगी काढतो आणि स्थानिकांच्या बोटीतून शिवसागर ओलांडतो. त्या वाटेला ना हॉटेल लागते, ना डोंगर कापावा लागतो.

उद्या मोठे भांडवल येईल, तेव्हा हा बोटवाला बोटीचा धनी राहील की रोजंदारीवरचा गडी होईल? आराखड्यावरच्या सुनावणीत आमचा पहिला प्रश्न हाच राहील.