दारात अडकलेले सात मणी

1986 सालचा उन्हाळा. अमेरिकेतल्या बेथेस्डामध्ये, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका प्रयोगशाळेत तुम्ही उभे आहात. समोरच्या टाकीतलं पाणी गढूळ आहे, जिवाणूंनी भरलेलं. मायकेल झॅस्लॉफ यांनी अंडी काढायला आफ्रिकन बेडक्यांची पोटं चिरली, टाके घातले आणि त्यांना परत याच पाण्यात सोडून दिलं. औषधाचा एक थेंबही दिलेला नाही. काचेला नाक लावून एकीच्या पोटाकडे बघा. जखमेच्या कडा जुळून आल्यात. ना सूज, ना पू.

या बेडक्यांच्या कातडीत 23 अमिनो आम्लांची पेप्टाइडं सापडली. झॅस्लॉफ यांनी त्यांना हिब्रूतल्या 'ढाल' या शब्दावरून मॅगेनिन नाव दिलं. ही पेप्टाइडं जिवाणूच्या स्निग्ध पटलाला चिकटतात आणि त्याला भोकं पाडतात. भिंत फोडून आत शिरण्यातलाच हा प्रकार. मला मात्र तुम्हाला एक दार दाखवायचंय.

त्यासाठी आता मातीखाली उतरा. इथे साल विचारू नका. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय. घरी ऊस असेल तर हुमणीची अळी तुम्हाला ठाऊक असेलच. तिला मारायला जे सूत्रकृमी सोडतात, त्यांच्याच जातकुळीतला एक कृमी इथे एका अळीत शिरतोय. आत जाताच तो आपल्या आतड्यातले फोटोऱ्हॅब्डस जिवाणू बाहेर सोडतो. दिवस-दोन दिवसांत अळी मरते, अंग विटकरी पडतं, आणि अंधारात ती मंद उजळते. हा मुडदा म्हणजे कृमीच्या पोराबाळांची शिदोरी. तिच्यावर इतर जिवाणूही टपलेले असतात. फोटोऱ्हॅब्डसला त्यांना मारायचं असतं, पण यजमान कृमीला धक्का लागू द्यायचा नसतो. त्यासाठी तो बनवत असलेलं औषध माणसालाही सोसेल, हा बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुईस यांचा तर्क मला फार सुंदर वाटतो.

आता 2019. लुईस यांच्या गटाच्या हाती फोटोऱ्हॅब्डसमधूनच डॅरोबॅक्टिन आलंय. फक्त सात अमिनो आम्लं, सात मण्यांची माळ. तिला दोन कड्या पडून ती ताठ झालेली. तिच्यावर स्वार व्हा.

समोर ई. कोलाय जिवाणू. ग्राम-निगेटिव्ह गटातला, म्हणजे दुहेरी पटलाचा. बाहेरचं पटल इतकं चिवट, की कित्येक प्रतिजैविकं तिथूनच परत फिरतात. तुम्हाला मात्र आत जायचंच नाही. या बाहेरच्या पटलातच बॅमए नावाचं प्रथिन रोवलेलं आहे. आकार पिंपासारखा, सोळा पट्ट्यांचा, पण पहिली आणि सोळावी पट्टी नीट सांधलेली नाही. ती फट हेच दार. बाहेरच्या पटलाची नवी प्रथिनं इथेच येऊन आपली शेवटची पट्टी बॅमएच्या पहिलीला लावतात आणि घडी घेत पटलात बसतात.

डॅरोबॅक्टिन त्या शेवटच्या पट्टीचं सोंग घेतं. पहिल्या पट्टीला हायड्रोजन बंधांनी, कण्याला कणा लावून, ते घट्ट बिलगतं आणि दार अडवून बसतं. बॅमएमध्ये बदल करून काही जिवाणू निसटलेही, पण त्यांच्यात उंदरांना आजारी पाडण्याची ताकद उरली नाही. आपल्या पोटातले बॅक्टेरॉइड्ससारखे रहिवासी जिवाणू मात्र याच्या तडाख्यातून सुटतात.

मान वळवून मागे बघा. दाराशी येणारी प्रथिनं खोळंबलीत. पटलावर एक फुगा येतो, मग शेजारी दुसरा. जिवाणू सुजतो, आणि त्याच्या आतलं सगळं पाण्यात सांडतं.