मुल्कोवाल दुर्घटना
मुल्कोवाल दुर्घटना ही ब्रिटिश भारताच्या पंजाब प्रांतात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी प्लेगप्रतिबंधक लसीकरणाच्या वेळी घडलेली घटना होय. मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवल्याने लसीचे जनक वाल्देमार हाफकिन यांना पद गमवावे लागले.

प्रत्यक्षात, गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर वैद्यकतज्ज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून आयोगाचा निष्कर्ष पुराव्यानिशी खोडून काढला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.