आज्ञावली आणि टीका : एक जुना वारसा

संगणकाची आज्ञावली यंत्रासाठी लिहिली जाते, ही समजूत अपुरी आहे. यंत्र ती पाळते. वाचावी आणि दुरुस्त करावी लागते ती माणसाला. १९५७ साली फोरट्रान ही संगणकभाषा आली, तेव्हा पहिल्या स्तंभात ‘सी’ हे अक्षर असलेले कार्ड यंत्राने आज्ञा न मानता सोडून द्यावे, अशी सोय तिच्यात होती. त्या कार्डावरील मजकूर केवळ वाचकासाठी असे. त्याला ‘कॉमेंट’ म्हणतात. आपल्याकडील जवळचा शब्द ‘टीका’.

टीकेचे काम काय, हे आपल्या गणितपरंपरेत स्पष्ट दिसते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त परीघ काढण्याची रीत आहे : व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, स्थूल कामासाठी २२ ने गुणून ७ ने भागावे. श्लोक पाठ करण्यास सुटसुटीत आहे. परंतु ३९२७ ही संख्या आली कोठून? कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत याचे उत्तर दिले. १०० व्यासाच्या वर्तुळात षट्कोन काढावा, बाजू दुप्पट करीत ३८४ पर्यंत जावे; त्या आकृतीच्या परिमितीचा वर्ग ९८६९४ येतो. त्याचे मूळ सुमारे ३१४.१६, आणि तेच हे गुणोत्तर.

नवशिक्याने घ्यावा तो धडा हाच. ‘येथे व्यासाला ३९२७ ने गुणले’ अशी टीप निरुपयोगी, कारण ते आज्ञेतच दिसते. ‘हे गुणोत्तर ३८४ बाजूंच्या आकृतीवरून घेतले, स्थूल कामास २२/७ पुरे’ ही टीप उपयोगी, कारण ती कारण आणि मर्यादा दोन्ही सांगते. पुढे कोणी आज्ञा बदलली, तर टीपही बदलली पाहिजे. जुनी राहिलेली टीप मुळीच नसलेल्या टिपेपेक्षा अधिक फसवी ठरते.

टीप कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न आपल्या सिल्वासात विशेष महत्त्वाचा आहे. २ ऑगस्ट १९५४ पर्यंत येथे राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती. घरोघरी मात्र वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी. हुकूम कानी पडणे आणि त्याचे कारण उमगणे यांत किती अंतर असते, हे या भूमीने अनुभवले आहे. म्हणून आपल्यानंतर जो वाचणार आहे, त्याला समजेल त्या भाषेत टीप लिहावी. आपले ज्ञान पुढच्या हाती सोपविण्याचा तो साधा आणि खात्रीचा मार्ग आहे.