लिनक्स लॅपटॉपवरून हॉटस्पॉट : १०.४२.०.१ हा पत्ता कशाचा?

उबंटू असलेल्या लॅपटॉपवरून चार मोबाईलना वाय-फाय देता येतं. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा, तीन टिंबांवर दाबा आणि हॉटस्पॉट सुरू करा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. स्वतःचा मोबाईल नंबर ठेवू नका, तो गावाला पाठ असतो. आणि वापरणारे किती का असेनात, डेटा तुमच्याच पॅकमधून जातो.

लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बहुधा एका वेळी एकच काम करतं. हॉटस्पॉट सुरू केला की राउटरशी असलेली जोडणी तुटते. म्हणून नेट केबलने घ्या, नाहीतर यूएसबी टेदरिंगने.

हॉटस्पॉट चालू झाल्यावर लॅपटॉप साधारणपणे १०.४२.०.१ हा पत्ता घेतो आणि मोबाईलना १०.४२.० ने सुरू होणारे पत्ते वाटतो. हे खासगी पत्ते, बाहेरून थेट गाठता येत नाहीत.

'वाय-फाय जोडलंय पण नेट नाही' अशी तक्रार आली, तर मोबाईलमध्ये वाय-फायच्या माहितीत आयपी पत्ता बघा. तो १०.४२.० चा असेल तर हॉटस्पॉट ठीक आहे, केबल किंवा रिचार्ज तपासा. पत्ताच नसेल तर हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावा.